वणी–घुग्घुस पट्ट्यातल्या चालकांची संघटना : आधी कोणती मागणी, मग कोणती?

प्रश्न : वणी तालुक्यात कोळशाच्या आणि गिट्टीच्या टिपरवर, जिनिंगच्या गाड्यांवर आणि काळी-पिवळीवर काम करणारे आम्ही सव्वाशे चालक-क्लीनर मिळून संघटना काढतोय. मागण्यांची यादी बावीस कलमांची झाली आहे. बहुतेकांचं म्हणणं, पगारवाढ पहिली घ्या. क्रम कसा लावावा? आणि एस.टी.वाल्यांना सोबत घ्यावं का?

उत्तर :

भाऊ, बावीस कलमं वहीत राहू द्या, मालकाच्या टेबलावर मात्र चारच न्या. आणि त्या चारांत पगारवाढ पहिली नको. तुमच्यातल्या बहुतेकांचा मालक उद्या सरळ म्हणू शकतो की हा माणूस माझ्याकडे कामालाच नाही, कधीमधी गाडी घेऊन जातो. ते खोडून काढायला तुमच्या हातात कागदाचा एक चिटोराही नसतो. नोकरीच सिद्ध होत नसेल तर वाढ मिळाली तरी ती तोंडी राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात गाड्या उभ्या राहिल्या की तोंडीच परत जाते.

हे किती महागात पडतं ते एका हिशेबावरून बघा. समजा ४० वर्षांचा चालक कामावर असताना अपघातात गेला. कामगार नुकसानभरपाईचा हिशेब असा होतो: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. चाळिशीचा गुणांक १८४.१७ आहे (तिशीचा २०७.९८, पन्नाशीचा १५३.०९). पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबात जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. आता या माणसाला पगार ९,००० आणि फेरीभत्ता धरून महिन्याकाठी १७-१८ हजार सुटत होते, पण दाखवता आले फक्त ९,०००. तर ४,५०० गुणिले १८४.१७ म्हणजे ८,२८,७६५ रुपये. तेच १५,००० दाखवता आले असते तर ७,५०० गुणिले १८४.१७ म्हणजे १३,८१,२७५. साडेपाच लाखांचा फरक पडला, तो फक्त भत्ता कुठे लिहिलेला नव्हता म्हणून. विमा कंपनीचा वकील नेहमी हेच म्हणतो, की भत्ता हा रस्त्यावरचा खर्च आहे, पगार नव्हे. फेरीभत्त्यातला जेवणाखाणाचा भाग किती आणि कामाचा मोबदला किती हे आधी लिहून घेतलं असेल तर त्याला उत्तर देता येतं. नसेल तर नाही.

म्हणून पहिली मागणी अर्ध्या पानाच्या नेमणूकपत्राची. त्यात एवढं पुरे: चालकाचं नाव, लायसन्स क्रमांक, कामाला लागल्याची तारीख, कोणत्या गाडीवर, मूळ पगार, फेरीमागे मोबदला, जेवणभत्ता वेगळा, साप्ताहिक सुट्टीचा वार, मालकाची सही.

मालक काय म्हणेल ते आत्ताच सांगतो: "तुले कागद कायले पाह्यजे? माह्यावर भरोसा नाही का?" यामागे भरोशापेक्षा पी.एफ. आणि ई.एस.आय.ची (कामगार विम्याची) धास्ती जास्त असते. त्याला शांतपणे सांगा की पी.एफ. २० माणसांपासून लागतो, ई.एस.आय. १० पासून. सहा गाड्यांच्या मालकाने पत्र दिलं म्हणून दोन्ही आपोआप मागे लागत नाहीत. उलट पत्र असेल तर अपघाताचा दावा विमा कंपनीकडे सरळ जातो. नसेल तर कंपनी "हा तुमचा चालकच नव्हता" म्हणून हात वर करते, आणि कामगार नुकसानभरपाईच्या आयुक्तांसमोर मालक एकटाच उभा राहतो. पॉलिसीत आय.एम.टी. २८ नावाचं कलम आहे, पगारी चालक-क्लीनरच्या जबाबदारीचं. त्याचा हप्ता माणशी ५० रुपयांच्या घरात आहे. तरी कित्येक पॉलिसींत फक्त चालक घातलेला असतो आणि क्लीनर सुटतो. नूतनीकरणाच्या महिन्यात प्रत्येक गाडीच्या पॉलिसीचा फोटो मागा आणि त्यात माणसं किती धरली आहेत ते बघा. या एका गोष्टीवर मालकाशी भांडण होत नाही, म्हणून सुरुवात करायला ती बरी.

कायदा कुठे लागतो, कुठे नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा त्यात विरला. तुमच्या दृष्टीने यातला मोठा बदल आकड्याचा आहे. जुना कायदा ५ कामगारांच्या धंद्याला लागत असे, नवी सुरक्षा संहिता १० पासून लागते. वणी, मारेगाव, झरीकडे सहा-सात चालक ठेवणारे मालक भरपूर आहेत. ते सगळे कामाचे तास, नेमणूकपत्र आणि वार्षिक आरोग्य तपासणीच्या तरतुदींतून बाहेर पडले. पण दोन गोष्टींतून ते सुटले नाहीत. वेतन संहिता एका नोकरालाही लागते, आणि अपघाताची नुकसानभरपाई एका चालकाच्या मालकालाही द्यावी लागते. म्हणून लहान मालकाला तासांच्या कलमाची धमकी देऊ नका. त्याचा वकील पहिल्याच दिवशी ती उडवेल आणि तुमचीच पत जाईल. लहान मालकाशी वेतन संहितेवर बोला. दहाच्या वरच्या कंत्राटदाराशी दोन्हींवर बोला.

वेतन संहितेतली तीन हत्यारं चालकांनी पाठ करावीत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब. आणि थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, ज्यात पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. शेवटचं फार मोलाचं आहे. मात्र त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तुम्ही त्याच्याकडे होता एवढं तरी तुम्हाला दाखवता येईल. फिरून गोष्ट कागदावरच येते.

वही आणि काट्याची पावती

पत्र मिळेपर्यंत वाट बघत बसू नका. आजपासून प्रत्येकाने खिशातली वही ठेवावी. एका फेरीला एक ओळ: तारीख, गाडी नंबर, लोडिंगवर पोचल्याची वेळ, भरून निघाल्याची वेळ, वजनकाट्याच्या पावतीचा क्रमांक, भरलेलं-रिकामं-निव्वळ वजन, खाली करायला पोचल्याची आणि मोकळं झाल्याची वेळ, डिझेल लिटर, मिळालेले पैसे, उचल. रोज लिहा. आठवड्याने एकदम बसून लिहिलेली वही एकाच शाईत आणि एकाच हातवळणात दिसते, ती कुणी मानत नाही.

पावतीचा फोटो सगळेच काढतात, पण त्यातली उणीव लक्षात घ्या. काटा पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ असते, चालकाचं नाव बहुधा नसतं. ई-वे बिलावरही (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावर) गाडी असते, माणूस नसतो. म्हणजे गाडी कुठे होती ते सिद्ध होतं, गाडीवर तुम्ही होता ते नाही. माणूस येतो तो खाणीच्या किंवा कारखान्याच्या गेटपासवर, कारण तिथे लायसन्स क्रमांक लिहून घेतात, आणि बिल्टीवरच्या, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवरच्या, तुमच्या सहीत. म्हणून फोटो गेटपासचा आणि बिल्टीचा काढा, पावतीचा त्याच्या जोडीला. फोटो संघटनेच्या एका मेल खात्यावर पाठवून द्या. मोबाइल बदलला की व्हॉट्सॲपवरचं जुनं सगळं जातं.

पैसे रोख देणं बेकायदा नाही, पण निदान उचल तरी यू.पी.आय.वर मागा. मालकाच्या डायरीत तुमच्या नावावर किती उचल चढली आहे हे तुम्हाला महिन्याला एकदा दिसलं पाहिजे. वीस-तीस हजारांच्या उचलीपायी माणूस वर्षानुवर्षं एकाच गाडीला बांधला जातो, आणि आकडा नेमका किती हे त्याला स्वतःला माहीत नसतं.

रांगेतला वेळ कुणाचा?

दुसरी मागणी थांबण्याच्या वेळेची. माझ्या मते या पट्ट्यात पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गळती हीच आहे. खाणीवर नंबर लागायला आठ तास, रेल्वे सायडिंगवर खाली करायला चार तास, आणि मोबदला मिळतो फेरीचा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गेटवर तीच गत.

कायद्याची भाषा इथे थोडी तिरकी आहे. मोटार कामगाराच्या कामाच्या तासांत तीन गोष्टी धरतात: गाडी चालवण्याचा वेळ, जोडकामाचा वेळ, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो. मालकाचा वकील तिसऱ्या भागावर बोट ठेवतो: १५ मिनिटांच्या वर थांबलात, तो वेळ कामाचा नाही. याला उत्तर असं, की रांगेत चालक नुसता हजर नसतो. तो दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवतो, माल सांभाळतो, ताडपत्री सोडतो-बांधतो, काट्यावर नेतो. हे जोडकाम आहे. पण हा वाद निकालापर्यंत न्यायचाच कशाला? करारातच लिहून घ्या: "गेटवर नंबर लागल्यापासून गाडी बाहेर पडेपर्यंतचा सर्व वेळ ड्युटी धरली जाईल. पहिल्या तीन तासांनंतर प्रत्येक तासाला अमुक रुपये हाल्टिंग (थांबण्याचा मोबदला) चालकास मिळेल." तीन तास की चार, तो आकडा तुम्ही ठरवा. मालक माल पाठवणाऱ्याकडून हाल्टिंग घेतो का ते बिलावरून कळतं. घेत असेल तर त्यातला वाटा मागताना आवाज चढवायचीही गरज पडत नाही.

दहाच्या वरच्या आस्थापनांत दिवसाला ८ तास, आठवड्याला सहा दिवस, वरच्या वेळेला दुप्पट दर आणि जादा कामाला कामगाराची संमती, हे सुरक्षा संहितेत आहे. भरपगारी रजेसाठी पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात. दर २० दिवसांमागे एक रजा. तुमच्याकडे पावसाळ्यात गाड्या उभ्या राहतात, त्यामुळे २४० कित्येकांचे भरतच नसत. हा बदल तुमच्या फायद्याचा आहे आणि तो मागायला कुणी जात नाही.

रांगेतून डिझेलचं भांडणही निघतं. सहा सिलिंडरचं इंजिन उभ्या उभ्या तासाला दीड-दोन लिटर पितं. शंभर किलोमीटरच्या फेरीला ठरलेलं ॲव्हरेज लिटरला ३ किलोमीटर असेल तर साधारण ३३ लिटर लागायला हवेत. रांगेत सरकण्यात चार तास इंजिन चालू राहिलं तर सातेक लिटर तिथेच जातात, एकूण ४० होतात, आणि ॲव्हरेज दिसतं अडीच. मालक म्हणतो चालकाने डिझेल विकलं. बी.एस. ६ गाड्यांच्या जी.पी.एस. अहवालात इंजिन किती तास उभ्याने चालू होतं ते वेगळं दिसतं. ॲव्हरेजची कपात करायची असेल तर तो अहवाल चालकाला दाखवून करा, अशी अट घाला. जी.पी.एस.ला विरोध करू नका. बरेच चालक करतात, पण तासांचा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा मालकाच्याच संगणकात बसलेला आहे.

कपाती

तिसरी मागणी कपातीची: तूट, डिझेल, चलान, टायर. वेतन संहितेत एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. दंड म्हणून कापायचं तर ३ टक्क्यांपर्यंतच, आणि तेही कशाबद्दल दंड ते आधी जाहीर करून. मालाच्या नुकसानीची कपात करायची तर नुकसान चालकाच्या हलगर्जीपणामुळे झालं पाहिजे आणि त्याला बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे.

कोळशाची तूट नेमकी कशी निघते हे समजून घेतल्याशिवाय त्यावर बोलू नका. काही काट्यांवर रिकाम्या गाडीचं वजन दर फेरीला घेत नाहीत, एकदा घेतलेलं साठवून ठेवतात. ते घेताना टाकी खाली होती आणि आज ३०० लिटर डिझेल भरून आलात, तर गाडीच २५० किलोने जड झाली. काटा ते अडीचशे किलो कोळसा म्हणून धरतो. खाली करण्याच्या ठिकाणी मात्र भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं त्याच दिवशी होतात, तिथे खरा आकडा निघतो, आणि अडीचशे किलोची 'चोरी' चालकाच्या माथी बसते. पावसात आणखी भर. ओला कोळसा रस्ताभर पाणी गाळत जातो, चाकांना चिखल चिकटतो, भिजलेली ताडपत्री वजन वाढवते, एका काट्यावर क्लीनर केबिनमध्ये असतो आणि दुसऱ्यावर खाली. म्हणून मागणी तीन भागांत घाला: दोन्ही ठिकाणी त्याच दिवशीचं रिकामं वजन, निव्वळ वजनाच्या अर्धा टक्का सूट (२५ टनाला १२५ किलो), जून ते सप्टेंबर जास्त, आणि दोन्ही काट्यांचं वैधमापन विभागाचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय कपात नाही.

चलानाची वाटणी सोपी आहे. वेग, सिग्नल, मोबाइल, सीट बेल्ट चालकाचं. फिटनेस, विमा, टायर, रिफ्लेक्टर, ओव्हरलोड मालकाचं.

ओव्हरलोडवर संघटनेने स्वतःच्या सभासदांशीही कडक बोललं पाहिजे. टनामागे कमिशन मिळतं म्हणून काही चालकांनाच जास्त माल हवा असतो, आणि "ओव्हरलोडचा भत्ता वाढवा" अशी मागणी यादीत शिरते. तुमच्या बावीसमध्ये असेल तर काढून टाका. दंड २०,००० अधिक प्रत्येक जादा टनाला २,०००. पाच टन जास्त म्हणजे ३०,००० रुपये. तो मालक भरेलही. लायसन्स मात्र तुमचं जातं, निदान तीन महिन्यांसाठी, आणि ते तीन महिने घरी चूल कशी पेटणार याची जबाबदारी कुणी घेत नाही. लायसन्स निलंबित करण्याआधी म्हणणं ऐकून घेणं आर.टी.ओ.ला बंधनकारक आहे आणि आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. नोटीस आली की लोक घाबरून जातच नाहीत आणि एकतर्फी आदेश होतो. संघटनेचा एक माणूस या कामाला नेमा, यवतमाळ आणि चंद्रपूर दोन्हीकडे.

"ई-वे बिल संपतंय, रात्रीच काढ" हा दबावही इथलाच. त्याची मुदत २०० किलोमीटरमागे एक दिवस असते आणि संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. ते काम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसलेल्या माणसाचं आहे. त्याच्या आळसासाठी झोप मोडून गाडी काढू नका.

अपघात झाला तर

चौथी मागणी मालकाकडे कमी आणि आपापसात जास्त. प्रत्येक केबिनमध्ये एक कार्ड चिकटवा: ११२, १०८, महामार्गावर १०३३, संघटनेचे दोन नंबर, गाडीचा पॉलिसी क्रमांक. जखमीला मदत करणं हे चालकाचं कर्तव्य आहे, पण जमाव अंगावर येत असेल तर तिथेच थांबून मार खा असं कायदा म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात जमावाचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. त्या वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं आणि नोंद करायची, लगेच, उशिरात उशिरा २४ तासांत. वाटेतून ११२ ला केलेला फोन हा पळून न गेल्याचा पुरावा असतो, तो कॉल मोबाइलमधून पुसू नका.

भारतीय न्याय संहितेतल्या १०६ कलमाच्या दुसऱ्या पोटकलमावरून, म्हणजे न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, जानेवारी २०२४ मध्ये देशभर गाड्या थांबल्या होत्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पहिलं पोटकलम लागू आहे: निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, जामीनपात्र. जामीनपात्र असूनही माणूस अडकतो तो जामीनदार नसल्याने. वणीचा चालक हिंगणघाटला किंवा पांढरकवड्याला अडकला की तिथे ओळखीचं कोण? आजूबाजूच्या प्रत्येक तालुक्यात सातबारा असलेले दोन-तीन जामीनदार आधीच बोलून ठेवा. संघटनेबद्दल विश्वास बसायला या एका कामाइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

चालक गेला किंवा कायमचा अधू झाला तर घरच्यांना पहिल्या आठवड्यातच सांगायची गोष्ट: मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कामगार नुकसानभरपाई, यांपैकी एकच वाट धरता येते. समोरच्या गाडीची चूक असेल तर न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त मिळते, पण तिथे अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे. गाडी आपणच पलटी झाली असेल तर न्यायाधिकरणात चालकाचीच चूक आडवी येते. तिथे कामगार नुकसानभरपाईचा दावा लावा, कारण त्यात चूक कुणाची हे बघत नाहीत, कामावर असताना झालं एवढं पुरतं. मुदत दोन वर्षं. मालकाने एका महिन्यात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. एफ.आय.आर., घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, लायसन्स, पॉलिसी, पगाराचा पुरावा, वारसांची कागदपत्रं, सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढा. लायसन्सची मुदत त्या दिवशी संपलेली असेल तर विमा कंपनी तिथेच अडते. व्यावसायिक लायसन्सचं नूतनीकरण पाच वर्षांनी येतं आणि विसरतं, म्हणून संघटनेच्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाची तारीख लिहून ठेवा.

आता पगार

वर्षभरात हे बसलं की पगाराला हात घाला, आणि तेव्हाही दर वाढवण्याआधी रचना बदला. निव्वळ फेरीवर पैसे म्हणजे वेग आणि जागरण यांना दिलेलं बक्षीस. मूळ पगार वाढवा, फेरीचा भाग कमी करा, आणि महिन्याला २६ दिवसांची हमी घ्या: गाडी गॅरेजमध्ये असली, खाण बंद असली, तरी मूळ पगार चालू. वेतन संहितेप्रमाणे पगाराबाहेर दाखवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग पगारातच धरला जातो. ९,००० पगार आणि १२,००० भत्ते ही मांडणी आता टिकत नाही, हे मालकाच्या हिशेबनिसालाच दाखवा. तो मालकापेक्षा लवकर समजतो.

क्लीनर ठेवणं बंद होत चाललं आहे. रात्रीच्या आणि ताडपत्रीच्या फेरीला दुसरा माणूस हवाच. तीन मीटर उंचीवर ओल्या ताडपत्रीवर एकटा चढलेला माणूस घसरला तर खाली बघायलाही कुणी नसतं. उन्हाचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम-जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, जुन्या गाड्यांना नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा जुन्या गाडीला छताला आतून थर्मोकोल-रेक्झिन, केबिनमध्ये पंखा, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, आणि रांगेच्या जागी शेड व संडास, एवढं मागा. शेड आणि संडास खाण किंवा कारखान्याकडे मागायचे, गाडीमालकाकडे नव्हे.

यातच एक मोठी गफलत होते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) खाणीतल्या कंत्राटी वाहतुकीची तक्रार केंद्र सरकारच्या कामगार यंत्रणेकडे जाते, म्हणजे नागपूरच्या प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे. जिनिंग, गिट्टी क्रशर, खासगी मालक यांची तक्रार राज्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. अर्ज चुकीच्या दारात पडला तर महिनोन्‌महिने तिथेच राहतो. खाणीच्या कामात कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालक म्हणून वेकोलिकडेही मागता येतो, म्हणून अर्जाची प्रत क्षेत्रीय महाप्रबंधकांना द्या.

नोंदणीला सात जणांचा अर्ज लागतो आणि उद्योगातले १० टक्के किंवा १०० सभासद, यांतलं जे कमी ते. सव्वाशेत तुमचं भागतं. पण वाटाघाटीची मान्यता आस्थापनेगणिक मिळते आणि एकट्या संघटनेला तिथले ५१ टक्के लागतात. तीस मालकांकडे चार-चार सभासद असण्यापेक्षा तीन मोठ्या कंत्राटदारांकडे बहुमत असणं जास्त कामाचं. पहिलं वर्ष तिथेच घालवा. संप करायचाच झाला तर आता १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांनी एकाच दिवशी सुट्टी टाकली तर तोही संपच धरतात. "सगळे आजारी पडू" हा जुना डाव आता चालत नाही. बोलणी ऑक्टोबरात लावा, कापूस सुरू होण्याआधी. कोळशाची गाडी थांबली तर कंत्राटदार बोलावतो. संत्र्याची थांबवली तर शेतकऱ्याचं वर्षाचं पीक सडतं आणि सगळं गाव तुमच्या विरोधात जातं. वरूड-मोर्शीचा माल कधीही अडवू नका.

काळी-पिवळीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते मालकाला रोजचा ठेका देतात आणि उरलेलं ठेवतात, त्यामुळे पगाराच्या मागण्यांत ते बसत नाहीत. त्यांची वेगळी शाखा करा. ई-श्रम नोंदणी (असंघटित कामगारांची सरकारी नोंद), २० रुपयांचा वार्षिक अपघात विमा (प्रधानमंत्री सुरक्षा विमा, मृत्यूला २ लाख), स्टँडची जागा, यावर काम करा.

एस.टी.वाल्यांना सभासद करून घेऊ नका. त्यांचं महामंडळ वेगळं, करार वेगळा, संघटना आधीपासून आहेत. २०२१-२२ च्या त्यांच्या लांबलेल्या संपाचा अभ्यास मात्र करा. नोव्हेंबर २०२१ मध्येच सेवेच्या वर्षांप्रमाणे मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली होती. पण महामंडळ राज्य सरकारात विलीन करा या एका मागणीवर संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिलची मुदत दिल्यावर लोक कामावर परतले. विलीनीकरण झालं नाही. मिळालेल्या टप्प्यावर सही कधी करायची हे नोटीस देण्याआधीच ठरवलेलं असावं, आणि ठरावात लिहिलेलं असावं.

एकत्र येण्यासारखी त्यांची एक मागणी आहे, मुक्कामी गाडीची. रात्री नऊला शेवटच्या गावात पोचणारी बस पहाटे साडेपाचला निघते. चालक-वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओट्यावर झोपतात, वाहक बाई असेल तर तिची आणखी पंचाईत. ग्रामपंचायतीने एक खोली, पाणी आणि संडास दिला तर खर्च नाममात्र. त्याच खोलीत रात्री अडकलेला टिपरचालकही झोपू शकतो. हा ठराव ग्रामसभेत मांडायचा, एस.टी.च्या आणि तुमच्या संघटनेच्या दोन सह्यांनी. ग्रामसेवकाकडून ठरावाची प्रत घेऊन एक आगारप्रमुखांना द्या, एक गटविकास अधिकाऱ्यांना.